नळमार्ग परिवहन : व्यवसाय व रोजगार

द्रव पदार्थ, वायू किंवा पाण्यात कालविलेले घन पदार्थ बंद नळांच्या सलग मालिकेतून, दाबाच्या अथवा नैसर्गिक उताराच्या साहाय्याने, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेण्याच्या व्यवस्थेस नळमार्ग परिवहन म्हणतात. लोकव्यवहारात नळमार्गाला ‘पाइपलाइन’ आणि पाण्याच्या नळमार्गाला ‘जलवाहिनी’ असेही म्हटले जाते. रस्ता, लोहमार्ग व जलमार्ग या परिवहन प्रकारांत वाहन मालाबरोबर जाते आणि बहुधा रिकामे परत येते. नळमार्गात मात्र वाहन, म्हणजे नळ, जागच्या जागी राहतो आणि माल तेवढा पुढे सरकतो. त्यामुळे या परिवहनात गाडीवान, चालक, हमाल आणि परतीची खेप यांना स्थानच राहत नाही. नळमार्गाचा स्वस्तपणा याच वैशिष्ट्यातून आलेला आहे व त्याने निर्माण केलेले रोजगाराचे प्रश्नही यातूनच उद्‌भवलेले आहेत. नळमार्ग टाकताना हजारो हात लागतात; तो सुरू झाल्यावर थोडीच माणसे तो चालवितात; आणि तो जेथे संपतो तेथे नव्या व्यवसायांची वस्ती उभी राहते. महाराष्ट्रातील नळमार्गांचा इतिहास या तीन अवस्थांच्या अनुषंगाने पाहता येतो.

पूर्वेतिहास : बांबूच्या नळ्यांतून खारे पाणी व नैसर्गिक वायू वाहून नेण्याची रीत चीनमधील सेचवान प्रांतात प्राचीन काळापासून प्रचलित होती. महाराष्ट्रात भाजलेल्या मातीचे नळ, म्हणजे खापरी नळ, वापरून दूरवरून पाणी आणण्याची विद्या मध्ययुगात चांगली विकसित झाली होती. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आताचे छत्रपती संभाजीनगर, या शहरासाठी बांधविलेला ‘नहर-ए-अंबरी’ हा जलमार्ग, तेथील पाणचक्कीला पाणी पुरविणारा नंतरच्या काळातील नहर, विजापूरच्या आदिलशाही पाणीपुरवठ्याचे नळ व बुरूज आणि अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात आणलेले पाणी ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल (१६१३) हा नळमार्ग नव्हे. परंतु पाणी अडवून ते ठरावीक वाटेने सोडण्याचे तत्कालीन स्थापत्यज्ञान किती प्रगत होते, याची कल्पना त्यावरून येते.

या कामांवर कुंभार, पाथरवट, गवंडी, चुना मळणारे आणि उताराची पातळी साधणारे कारागीर यांना रोजगार मिळे. काम पूर्ण झाल्यावर गाळ काढणे, फुटलेले नळ बदलणे व हौदांवर देखरेख ठेवणे एवढीच कामे शिल्लक राहत. शहरातील हौदापासून घरापर्यंत पाणी पोहोचविण्याचे काम भिस्ती, पखालजी व पाणक्ये करीत. नळ हौदाशी संपे आणि तेथून पखालीचा व्यवसाय सुरू होई. आधुनिक काळात तेलाचा नळमार्ग आगाराशी संपतो आणि तेथून टँकरचा व्यवसाय सुरू होतो. काळ व पदार्थ बदलले, तरी या दोन व्यवस्थांची घडण एकच आहे.

तेलाचे पहिले नळमार्ग व गाडीवानांचा विरोध : आधुनिक नळमार्ग उद्योगाचा जन्म अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागल्यानंतर पिंपांत भरलेले तेल घोडागाड्यांनी लोहमार्गापर्यंत नेण्याचा मोठा धंदा तेथे वाढला. चिखलाचे रस्ते व गाडीवानांचे चढे दर यांना कंटाळून सॅम्युएल व्हॅन सिकेल या व्यापाऱ्याने १८६५ मध्ये पिटहोल येथून सु. ८ किमी. लांबीचा, सु. ५ सेंमी. व्यासाचा घडीव लोखंडी नळमार्ग टाकला. सु. तीनशे घोडागाड्या दहा तास राबून जेवढे तेल नेत, तेवढे हा एकटा नळमार्ग नेतो, असा हिशेब त्या वेळी मांडला जाई. पोटावर पाय आलेल्या गाडीवानांनी नळ उखडण्याचे व तोडण्याचे प्रयत्न केले आणि मालकाला नळमार्गावर सशस्त्र पहारा बसवावा लागला.

रशियन साम्राज्यातील बाकू येथे नोबेल बंधूंनी १८७८ मध्ये तेलविहिरींपासून शुद्धीकरण कारखान्यापर्यंत नळमार्ग टाकला, तेव्हा तेथील गाडीवानांनीही असाच विरोध केला. दोन्ही ठिकाणी अखेर नळमार्ग टिकला. पुढे पेनसिल्व्हेनियात टाइडवॉटर कंपनीने १८७९ मध्ये डोंगर ओलांडणारा सु. १७५ किमी. लांबीचा नळमार्ग पूर्ण केला आणि नळमार्ग लोहमार्गाशीही स्पर्धा करू शकतो हे सिद्ध झाले. ज्याच्या ताब्यात नळमार्ग, त्याच्या ताब्यात तेलाचा बाजार, हे सूत्र स्टँडर्ड ऑइल कंपनीने ओळखले होते. नळमार्गांची मालकी थोड्या हातांत एकवटण्याची प्रवृत्ती व तिच्यावर शासकीय नियंत्रण आणण्याची गरज, या दोहोंचा उगम याच काळात झाला.

मुंबईच्या जलवाहिन्या : महाराष्ट्रात आधुनिक लोखंडी नळमार्गाचे युग मुंबईच्या पाणीपुरवठ्याने सुरू झाले. विहार तलावाची योजना १८६० मध्ये पूर्ण होऊन ओतीव लोखंडाच्या नळांतून शहरात पाणी आले. त्यानंतर तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या योजना झाल्या. आरंभीचे नळ, झडपा व यंत्रसामग्री इंग्लंडहून येई. त्यामुळे नळ घडविण्याचा रोजगार तेथील ओतशाळांना आणि चर खणण्याचा, नळ ओढण्याचा व सांधे भरण्याचा रोजगार येथील मजुरांना, अशी विभागणी होती. नळाचे पाणी सर्व वस्त्यांत एकदम पोहोचले नाही. म्हणून भिस्त्यांचा व्यवसाय तत्काळ नष्ट झाला नाही, पण त्याची घसरण सुरू झाली. त्याच वेळी नळजोडणी करणारे कारागीर, मापक वाचणारे कारकून आणि ठरलेल्या वेळी विभागवार झडपा उघडणारे व बंद करणारे ‘चावीवाले’ असा नवा कामगारवर्ग नगरपालिकेच्या सेवेत निर्माण झाला. चावीवाल्याला आपल्या विभागातील जमिनीखालच्या नळांचे जे ज्ञान अनुभवाने मिळालेले असते, ते पुष्कळदा नकाशातही सापडत नाही.

नळनिर्मितीचा देशी उद्योग : नळ परदेशातून आणण्याची पद्धत बदलण्यात सोलापूरचा वाटा आहे. सोलापूर येथे जन्मलेले वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी लोहमार्गाच्या कंत्राटदारीतून आपल्या उद्योगास प्रारंभ केला. तानसा तलावापासून मुंबईपर्यंत जलवाहिन्या टाकण्याचे कामही त्यांच्या कंपनीने केले होते. ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम यांनी साचा वेगाने फिरवून केंद्रोत्सारी प्रेरणेने काँक्रीटचे नळ घडविण्याची रीत शोधून काढली होती. तिच्या आधारे १९२६ मध्ये ‘इंडियन ह्यूम पाइप कंपनी’ मुंबईत स्थापन झाली. काँक्रीटचे नळ वजनदार असल्याने ते लांब वाहून नेणे परवडत नाही. म्हणून कामाच्या जवळच कारखाना उघडण्याचे धोरण कंपनीने ठेवले. त्यामुळे नळनिर्मितीचा रोजगार बंदराच्या शहरांतून बाहेर पडून देशाच्या अंतर्भागात गेला. ‘ह्यूम पाइप’ हे नाव तर सिमेंटच्या कोणत्याही मोठ्या नळाचे सामान्यनाम होऊन बसले.

याच काळात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने पंपनिर्मितीत पाय रोवले. पंपाखेरीज सपाट किंवा चढाच्या प्रदेशात नळमार्ग चालत नाही. त्यामुळे पंप व नळ हे उद्योग परस्परांच्या आधाराने वाढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकचे, म्हणजे पीव्हीसीचे, नळ आले. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने १९८० पासून आणि फिनोलेक्स समूहाने त्याच दशकापासून या क्षेत्रात मोठे उत्पादन उभारले. हलका, न गंजणारा व कानसीने तासून, द्रावण लावून शेतातच जोडता येणारा हा नळ सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. तालुक्याच्या गावी नळ, झडपा व ठिबक सिंचनाचे साहित्य विकणारी दुकाने व पंपदुरुस्तीच्या कार्यशाळा हा त्याचा दृश्य परिणाम होय.

खनिज तेल व वायूंचे नळमार्ग : स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील पहिला मोठा तेलमार्ग आसामात झाला. नहरकटिया येथील तेलक्षेत्रापासून गुवाहाटीमार्गे बिहारमधील बरौनीपर्यंतचा ‘ऑइल इंडिया’चा सु. १,१५७ किमी. लांबीचा अशुद्ध तेलाचा नळमार्ग १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पूर्ण झाला. गुवाहाटी–सिलिगुडी हा शुद्ध उत्पादनांचा पहिला नळमार्ग १९६४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात तुर्भे–माहुल परिसरात १९५४ व १९५५ मध्ये परकीय कंपन्यांचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने निघाले होते. १९७४ ते १९७६ या काळात त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांतून ‘हिंदुस्थान पेट्रोलियम’ व ‘भारत पेट्रोलियम’ या सार्वजनिक कंपन्या पुढे आल्या.

‘मुंबई हाय’ या सागरी क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. प्रथम ते तेल जहाजांनी आणीत. १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत सु. २०० किमी. लांबीचे तेल व वायू यांचे नळमार्ग कार्यान्वित झाले. उरण येथील प्रक्रिया केंद्र, तुर्भे व थळ येथील खतकारखाने आणि वायूवर चालणारी वीजनिर्मिती यांची साखळी या नळमार्गांनी जोडली गेली. १९८४ मध्ये ‘गॅस अथॉरिटी ऑफ इंडिया’ या कंपनीची स्थापना झाली, ती प्रामुख्याने गुजरातमधील हजीरा येथून मध्य प्रदेशमार्गे उत्तर प्रदेशात जाणाऱ्या वायुमार्गाच्या उभारणीसाठी. पुढे दाभोळ–पनवेल व दाभोळ–बंगळूरु हे वायुमार्ग कोकणातून निघाले. मुंबईहून नागपूरमार्गे ओडिशातील झारसुगुडाकडे जाणारा वायुमार्ग राज्यात मोठ्या अंतरापर्यंत समृद्धी महामार्गालगत टाकण्यात आला. शहरातील घरगुती वायुपुरवठ्यासाठी ‘महानगर गॅस’ ही कंपनी मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झाली.

शुद्ध इंधनासाठी मुंबई–पुणे नळमार्ग १९८५ मध्ये सुरू झाला. पुण्याजवळील लोणी येथील आगारापासून त्याचा विस्तार सांगली जिल्ह्यातील हजारवाडी व सोलापूरजवळील पाकणी येथपर्यंत झाला. मुंबई–मनमाड हा सु. २५० किमी. लांबीचा नळमार्ग १९९८ मध्ये कार्यान्वित झाला आणि पुढे तो मध्य प्रदेशातून दिल्लीजवळील बिजवासनपर्यंत वाढविण्यात आला. एकाच नळातून पेट्रोल, डीझेल व रॉकेल एकापाठोपाठ एक पाठविले जातात. दोन पदार्थांच्या सीमेवर जे थोडे मिश्रण होते, ते वेगळे काढून घेतले जाते.

रोजगाराचे स्वरूप : नळमार्गाशी निगडित कामांचे चार स्थूल प्रकार पडतात.

पहिला प्रकार उभारणीचा. मार्गाची पाहणी, जमिनीची आखणी, चर खणणे, नळ ओळीने मांडणे, ते वाकविणे, जोडणे, सांध्यांची क्ष-किरण तपासणी, गंजरोधक वेष्टन घालणे, नळ चरात उतरविणे, माती लोटणे आणि शेवटी पाणी भरून दाबाची चाचणी घेणे, असा कामाचा क्रम असतो. ही सर्व पथके एकापाठोपाठ एक पुढे सरकत जातात. त्यामुळे एखाद्या गावाच्या शिवारात हे काम काही आठवडेच राहते. सांधणी करणारा कारागीर हा या कामाचा कणा होय. त्याच्या हातची जोडणी तपासणीत उतरली नाही, तर ती कापून नव्याने करावी लागते. म्हणून त्याला परीक्षा देऊनच कामावर घेतले जाते. हे कुशल कारागीर व यंत्रचालक बहुधा कंत्राटदाराबरोबर राज्याराज्यांतून फिरत असतात. स्थानिकांच्या वाट्याला खोदकाम, पहारा, वाहने भाड्याने देणे व जेवणखाण पुरविणे ही तात्पुरती कामे येतात. खोदाई यंत्रे आल्यापासून त्यांतील खोदकामही पुष्कळ कमी झाले आहे.

दुसरा प्रकार चालविण्याचा. पंपस्थानके, नियंत्रणकक्ष व आगारे येथे अभियंते, तंत्रज्ञ व चालक पाळ्यांनी काम करतात. दूरनियंत्रणाची साधने आल्यापासून शेकडो किलोमीटरवरील झडप एका कक्षातून बंद करता येते. नळाच्या आतून फिरणारी, सफाई व तपासणी करणारी उपकरणे आणि गंज रोखण्यासाठी नळाला दिला जाणारा सौम्य विद्युत्‌प्रवाह यांमुळे देखभालीचे काम अधिक तांत्रिक झाले आहे. येथे वेतन चांगले व नोकरी स्थिर असते. परंतु पदे मोजकी असतात.

तिसरा प्रकार राखणीचा. नळमार्गाच्या पट्ट्यावरून रोज पायी गस्त घालणाऱ्याला ‘लाइन वॉकर’ म्हणतात. कोणी खोदकाम करीत आहे काय, माती खचली आहे काय, पिके अचानक करपली आहेत काय, तेलाचा वास येतो काय, हे त्याने पाहायचे असते. हा माणूस सामान्यतः जवळच्याच गावचा असतो. शेतकऱ्यांची ओळख व जमिनीची जाण हीच त्याची पात्रता होय. तो बहुधा कंत्राटदाराकडे नोकरीस असतो, आणि कंत्राट बदलले की त्याची नोकरी नव्याने ठरते. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशातील नगरम् येथे वायुमार्गाचा स्फोट होऊन वीसाहून अधिक माणसे दगावली. अशा दुर्घटना लक्षात घेतल्या म्हणजे सर्वांत कमी वेतनाच्या या कामावर सुरक्षिततेचा किती भार आहे हे कळते.

चौथा प्रकार टोकाच्या व्यवसायांचा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

टँकर व्यवसाय : नळमार्गाने किती वाहतूक रस्त्यावरून हटते, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. दहा लाख टन डीझेल म्हणजे सु. १२ लाख किलोलिटर. वीस किलोलिटर क्षमतेच्या टँकरने ते नेल्यास वर्षाला ६०,००० आणि दिवसाला १६० हून अधिक भरलेल्या खेपा होतील, व तेवढ्याच रिकाम्या परतीच्या. नळमार्गाने इंधन, अपघात व रस्त्याची झीज वाचते, तशीच चालक, वाहक, दुरुस्ती कामगार आणि घाटातील ढाबेवाले यांची कामेही घटतात. मुंबई–पुणे व मुंबई–नाशिक या मार्गांवरील लांब पल्ल्याच्या इंधनवाहतुकीचे स्वरूप अशाच रीतीने बदलले.

परंतु हा रोजगार पूर्णपणे नाहीसा न होता पुष्कळ अंशी स्थलांतरित होतो. नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळचे पानेवाडी हे त्याचे ठळक उदाहरण होय. नळमार्ग व आगारे यांमुळे तेथे टँकर मालक, चालक, यंत्रदुरुस्ती, टायर, विमा व हॉटेले यांचा एक संपूर्ण बाजार उभा राहिला. उत्तर महाराष्ट्र व मराठवाडा यांच्या मोठ्या भागाचा इंधनपुरवठा तेथून होतो. १८६५ च्या सुमारासचे पेनसिल्व्हेनियातील गाडीवान नळ तोडूनही हरले, कारण नळ त्यांना टाळून पुढे जाऊ शकत होता. पानेवाडीच्या चालकांची स्थिती वेगळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये अपघातविषयक नव्या दंडतरतुदीच्या विरोधात त्यांनी काम थांबविताच पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नळमार्गाने चालकांची संख्या कमी केली, पण त्यांना एका ठिकाणी गोळा करून त्यांचे महत्त्व वाढविले.

या बाजाराला काळी बाजूही आहे. आगारांच्या आसपास इंधनचोरी व भेसळ यांचे अड्डे निर्माण झाले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशा अड्ड्याची तपासणी करीत असताना अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला आणि इंधन वितरणातील देखरेखीचा प्रश्न ऐरणीवर आला.

शेतकरी व जमीन : नळमार्गासाठी जमीन विकत घेतली जात नाही, केवळ तिच्या वापराचा हक्क संपादन केला जातो. यासाठी संसदेने १९६२ मध्ये अधिनियम केला व १९७७ मध्ये त्याची व्याप्ती खनिजांच्या नळमार्गांपर्यंत वाढविली. त्यानुसार जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. नळ पुरल्यानंतर त्याला हंगामी पिके घेता येतात. परंतु त्या पट्ट्यात घर बांधणे, विहीर वा तळे खणणे आणि झाडे लावणे यांस मनाई असते. पिके व झाडे यांच्या नुकसानीची भरपाई आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम, असे मोबदल्याचे स्वरूप या अधिनियमाने ठरविले.

कागदावर हा भार हलका दिसतो. ज्याच्या जमिनीत ज्वारी–तुरीखेरीज काही होत नाही, त्याला तो बव्हंशी हलकाच असतो. परंतु द्राक्षे, आंबा किंवा डाळिंब यांची बाग असलेल्या शेतकऱ्याला, किंवा विहिरीची जागा नेमकी त्या पट्ट्यात येणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला, ही मनाई म्हणजे भावी व्यवसायावरील कायमची मर्यादा ठरते. मोबदला एकदाच मिळतो. बंधन मात्र नळ असेतोवर राहते. नळमार्गाचे उत्पन्न वर्षानुवर्षे चालू असताना ज्याच्या जमिनीखालून तो जातो त्याला त्यात वाटा नसावा काय, हा प्रश्न त्यामुळे वारंवार उपस्थित होतो.

पाण्याच्या नळमार्गाबाबत हा संघर्ष अधिक तीव्र होतो, कारण तेथे जमिनीबरोबर पाणीही जाते. पवना धरणातून पिंपरी–चिंचवडला बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. पाणी नदीपात्रातून गेले, तर काठच्या शेतीला उपसा करता येतो. ते नळातून गेले, तर मधल्या गावांच्या हाती काही लागत नाही, अशी त्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला व त्यात एका स्त्रीसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. गळती व प्रदूषण टाळणे हा बंद नळाचा गुण शहराच्या दृष्टीने निर्विवाद आहे. पण नदीकाठच्या उपजीविकेच्या दृष्टीने तोच दोष ठरू शकतो.

खनिजवाहतुकीत मात्र याच्या उलट अनुभव संभवतो. गडचिरोली जिल्ह्यात हेडरी ते कोनसरी या दरम्यान लोहखनिजाचा गाळा पाण्याबरोबर वाहून नेणारा सु. ८५ किमी.चा नळमार्ग २०२५ मध्ये कार्यान्वित झाला. खनिजाच्या मालमोटारींमुळे होणारे अपघात व रस्त्यांची दुर्दशा ही तेथील जनतेची तक्रार होती. तिचे निवारण व मालमोटार चालकांचा रोजगार यांचा मेळ कसा बसतो, हे तेथील पुढील वाटचालीवरून ठरेल.

अणदूर परिसर व ग्रामीण नळमार्ग : नळमार्गाच्या अर्थकारणाची दोन्ही टोके मराठवाड्याच्या दक्षिण सीमेवरील गावांत पाहावयास मिळतात. तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे खंडोबाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले गाव नळदुर्गजवळ, सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. मुंबईहून निघालेला इंधनाचा नळमार्ग सोलापूरच्या पश्चिमेस पाकणी येथे थांबतो. तेथून पूर्वेकडील तालुक्यांपर्यंतची वाहतूक रस्त्याने करावी लागते. त्यामुळे अशा महामार्गावरील गावांत चाकांवर चालणारे व्यवसाय, म्हणजे पेट्रोल पंप, टायरची व दुरुस्तीची दुकाने, खाणावळी, टिकून आहेत. नळमार्ग ज्या गावाखालून जातो त्यापेक्षा तो जेथे संपतो व जेथून मोटार पुढे जाते त्या गावांना अधिक काम मिळते, हे येथेही दिसून येते.

या भागात ‘पाइपलाइन’ हा शब्द उच्चारला म्हणजे तेलाचा नळ कोणाच्या मनात येत नाही. तळ्यापासून वा नदीकाठच्या विहिरीपासून आपल्या रानापर्यंत आणलेले पाणी, हाच त्याचा अर्थ होय. अवर्षणप्रवण प्रदेशातील शेतकरी कर्ज काढून, प्रसंगी दागिने मोडून, एक-दोन किलोमीटरचा नळ टाकतो. दक्षिण महाराष्ट्रात कृष्णा व तिच्या उपनद्यांच्या काठी शेतकऱ्यांनी सहकारी उपसा जलसिंचन संस्था स्थापून असे नळमार्ग सामुदायिक मालकीने चालविले. मराठवाड्यात नद्यांना बारमाही पाणी नसल्याने व्यक्तिगत नळमार्गच अधिक आढळतात. विहिरीला पाणी असेतोवर त्यातून बाग उभी राहते व मजुरांना वर्षभर काम मिळते. पाणी आटले की नळ जमिनीत राहतो आणि कर्ज डोक्यावर.

पिण्याच्या पाण्याचा नळमार्ग हा तर येथे जीवनमरणाचा विषय आहे. धाराशिव शहरासाठी भीमा नदीवरील उजनी धरणातून शंभर किमी.हून अधिक लांबीची जलवाहिनी टाकण्यात आली. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सु. पाच लाख लिटर पाणी आले व नंतर एकेका खेपेस पंचवीस लाख लिटरपर्यंत पाणी येऊ लागले. द्रव पदार्थ दूरवर नेण्याचे काम सातत्याने करावयाचे असेल, तर चाकाला नळाची सर येत नाही, हे या प्रसंगाने देशाला दाखवून दिले. मराठवाड्यातील धरणे नळमार्गांनी परस्परांस जोडण्याची ‘वॉटर ग्रिड’ योजना पुढे मांडली गेली ती याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर.

या जलवाहिन्यांनी निर्माण केलेला रोजगार लहान पण सर्वत्र पसरलेला आहे. राज्यात १९७६ च्या अधिनियमाने स्थापन झालेले पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ, म्हणजे पुढील ‘महाराष्ट्र जीवन प्राधिकरण’, आणि जिल्हा परिषदा यांच्या योजनांवर छोटे कंत्राटदार व नळकारागीर यांचा व्यवसाय चालतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘जल जीवन मिशन’ने त्यास मोठी चालना दिली, पण शासनाकडील देयके थकल्याने २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदारांना आंदोलन करावे लागले. गावपातळीवर ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी पहाटे पंप सुरू करतो, गल्लीगल्लीच्या झडपा फिरवितो व गळती बुजवितो. त्याचे वेतन अल्प असते आणि ते पाणीपट्टीच्या वसुलीवर अवलंबून राहते. नळयोजना सुरळीत चालली की दुष्काळातील पाण्याच्या टँकरचे उत्पन्न बुडते. मात्र हंडा घेऊन दूर जाणाऱ्या स्त्रिया व मुली यांचे जे श्रम वाचतात, ते कोणत्याही हजेरीपटावर नोंदलेले नव्हते. रोजगाराच्या हिशेबात हा लाभ दिसत नाही, म्हणून तो लहान ठरत नाही.

समालोचन : पिटहोलच्या घोडागाड्यांपासून पानेवाडीच्या टँकरपर्यंत आणि भिस्त्यापासून चावीवाल्यापर्यंतचा इतिहास पाहता असे दिसते, की नळमार्ग श्रम नाहीसे करतो त्यापेक्षा ते हलवितो. वाटेवरचे श्रम तो दोन टोकांना, कारखान्यात व नियंत्रणकक्षात नेतो. अशिक्षित हाताकडून ते शिक्षित हाताकडे आणि कायम नोकराकडून कंत्राटी माणसाकडेही जातात. नळमार्गाचा लाभ देशाला व शहराला मिळतो. त्याचा भार मात्र ज्या गावांच्या शिवारातून तो जातो त्यांच्यावर पडतो. २००६ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने नळमार्गांना परवाने, दर व सुरक्षामानके यांची चौकट दिली. तथापि गस्त घालणाऱ्याची सेवाशाश्वती, वाटेवरच्या गावांतील तरुणांना सांधणी व देखभालीचे शिक्षण आणि वापरहक्काच्या मोबदल्याचे वेळोवेळी पुनर्मूल्यन या बाबी त्या चौकटीबाहेर राहिल्या आहेत. जमिनीखालून जाणारा हा मार्ग वरच्या माणसालाही उपयोगी पडावा, यासाठी त्यांचा विचार होणे अगत्याचे आहे.